भाऊची चाळीसच्या आतली गाडी

माझ्या मोठ्या भावानं आयुष्यात एकच चैन केली, आणि तीही धड केली नाही.

वाशीमला आमचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. भाऊ गल्ल्यावर बसला तो बसलाच. त्यानं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, दुकान वाढवलं. ताटात दोन भाज्या दिसल्या तर "आज कोणाचं काय आहे?" असं विचारणारा हा माणूस. दहा-बारा वर्षांपूर्वी माल आणायला म्हणून पुण्याला गेला आणि येताना लाल रंगाची, पोट जमिनीला टेकेल अशी जपानी स्पोर्ट्‌स कार चालवत आला. इंग्लंडहून परतलेल्या कोणीतरी ती सोबत आणली होती आणि तो तिला कंटाळला होता. पुढे दोन माणसं बरी बसत. मागे बसायचं तर पाय काढून डिकीत ठेवावे लागले असते. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊ उतरला, लाजला, आणि कुलूप लावून आत गेला.

त्या गाडीच्या इंजिनात पिस्टन नाहीत. तीन कोनांचा एक लोखंडी ठोकळा बंद डब्यात गरगर फिरतो, असे दोन डबे शेजारी शेजारी, आणि त्यावरच गाडी पळते. याला रोटरी इंजिन म्हणतात. मी सुट्या भागांचा धंदा करणारा माणूस, पण मीही ते तोवर फक्त चित्रात पाहिलं होतं. पहिल्या वर्षी भाऊ अगदी माणसात आला होता. रविवारी सकाळी उगाच अकोल्याला जाऊन चहा न पिता परत यायचा. त्याला चहा वर्ज्य होता, पण जाणं तर वर्ज्य नव्हतं ना! परत आल्यावर तो गुणगुणत अंघोळ करायचा, हे माझ्या बायकोनं मला सांगितलं, कारण मला ते खरं वाटत नव्हतं.

मग मानोऱ्याकडच्या दुकानांच्या ऑर्डरी घेऊन पोहरादेवीवरून येताना, दिवस मावळायच्या सुमाराला, त्याच्या चाकाखाली ससा आला. भाऊ गाडी थांबवून खाली उतरला आणि तो ससा निपचित पडेपर्यंत त्याच्याजवळ रस्त्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरात जाऊन त्यानं महाराजांसमोर नियम घेतला. आमच्या जैनांत नियम घेणं रोजचंच आहे. कोणी बटाटा सोडतं, कोणी रात्रीचं पाणी सोडतं, कोणी गादी सोडतं. भाऊनं चाळीसच्या वरचा वेग सोडला, आणि तोही जन्मभरासाठी.

मी चिडलो. "चाळीसनंच जाचं होतं तं सायकल काय वाईट होती?"

"सायकलीखालीही मुंग्या येतात," तो म्हणाला.

दुसऱ्या कोणाच्या हातीही त्यानं गाडी वेगानं पळू दिली नाही. त्याचं म्हणणं, गाडी माह्या नावावर आहे, तिच्या हातून काही झालं तर तेही माह्याच नावावर जाईन. असल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा पालथ्या घड्यावर पाणी ओतलेलं बरं, निदान घडा तरी धुऊन निघतो.

तेव्हापासून गाडीचा दिनक्रम ठरला. सकाळी घर ते मंदिर, मंदिर ते दुकान, संध्याकाळी दुकान ते घर. एकही अंतर इंजिन नीट तापेल एवढं नव्हतं. त्यात भाऊ गाडी हलली की लगेच वरच्या गिअरमध्ये टाकायचा, म्हणजे इंजिनाला त्रास कमी, असा त्याचा समज. बापजाद्यांपासून आम्ही वस्तू अशाच वापरत आलो, जपून. चातुर्मासात तर चार महिने गावाची सीमा न ओलांडण्याचाही त्याचा नियम होता, त्यामुळे गाडीनंही चातुर्मास पाळला. रोज संध्याकाळी मऊ फडक्यानं पुसलेली ती लाल गाडी आमच्या गल्लीत म्हशीच्या मागे मागे चालायची. पोट्टे तिला "भाऊची चाळीसच्या आतली" म्हणायचे.

यंदा चातुर्मासाला वाशीममध्ये मुनींचा संघ होता. भाऊ दिवसभर तिकडेच. आहाराची तयारी, पाणी गाळणं, प्रवचनाची बैठक मांडणं. गल्ल्यावर मी एकटा. एकदा संध्याकाळी, उजेड आहे तोवर आम्ही जेवायला बसलो होतो. तो खाली मान घालूनच म्हणाला, "दिवाळीनंतर संघ निंघन. मी संगं जातो म्हणतो."

"कुठवर?"

"पुरतंच."

माझ्या बायकोच्या हातातली पोळी हातातच राहिली. पुरतंच म्हणजे दीक्षा. घर नाही, दुकान नाही, पायात चप्पल नाही, वाहनात बसणं नाही, आणि नाव घेऊन हाक मारायला भाऊ नाही. त्यासाठी घरच्यांची परवानगी लागते. चारचौघांत घरच्यांनी हो म्हणावं लागतं. आणि भाऊचं घर म्हणजे मी. दुसरं कोणी नव्हतंच.

मी काही थोर माणूस नाही. मला भाऊ हवा होता, महाराज नको होता. सगळ्या जगाचा होऊन तो काय करणार होता? जगाला त्याची काय पडली होती? मला एवढा संताप आला की तोंडाला येईल ते बोललो. दारात उभी असलेली ती गाडी महिनाभरापासून हिसके देत होती. ॲक्सिलरेटर दाबला की अडखळायची, धक्के मारायची, मंदिराचा छोटासा चढही रडत रडत चढायची.

मी म्हणालो, "पहिले ते दारातलं डबडं धड कर, मंग मोक्षाचं पाहू!"

भाऊनं ताटातला घास संपवला. मग म्हणाला, "बरं. ते धड झालं की तू हो म्हणशीन?"

"म्हणीन!" मी ओरडलो. भाऊला राग कळत नाही, त्याला फक्त शब्द कळतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. झोपताना मात्र मला जरा बरं वाटलं. रोटरी इंजिन उघडून पाहिलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नव्हता. दिवाळी येईल, संघ निघून जाईल, आणि गाडी दारात हिसके देत उभी राहील. एवढं साधं गणित होतं.

भाऊनं दुसऱ्याच दिवशी मेडशीच्या मेकॅनिकला बोलावलं. हा आमचं जुनं गिऱ्हाईक. सोयाबीनवाल्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करतो, स्वतःचंही थोडं वावर आहे, आणि आवाज असा की शेजारच्या तालुक्यातला ट्रॅक्टर घाबरून सुरू व्हावा. जगात आपल्याला न येणारी गोष्ट नाही, अशी त्याची पक्की समजूत. दुकानामागच्या शेडमध्ये त्यानं गाडीचं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकावला, आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

"भाऊ, याच्यात पिस्टन कुठं आहेत?"

"नाहीत," भाऊ म्हणाला.

"म्हंजे कोणी काढून नेले काय?"

मी कागदावर चित्र काढून दाखवलं. लांबट डबा, आत तिकोनी ठोकळा. त्यानं कागद उलटसुलट केला. "म्हंजे डब्यात समोसा फिरून राह्यला," तो म्हणाला. "अन् मानसं त्याच्या भरोशावर पुन्याहून वाशीमले आले! धन्य आहे तुमची, भाऊ."

भाऊ हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मेकॅनिकनं आधी पेट्रोलवर संशय घेतला. पेट्रोलात पाणी असणार, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. टाकी रिकामी केली. पाणी नव्हतं. मग म्हणाला, धूर निळसर आहे, रिंगा गेल्या. मी म्हटलं, पिस्टनच नाही तर रिंग कशाची? हे इंजिन थोडं थोडं ऑइल जाळतंच, त्याची रचनाच तशी आहे. मग त्यानं हवा मोजणारा सेन्सर काढून धुतला, फिल्टर झटकला, एक नळी फाटली म्हणून बदलली. हिसके तसेच. मी गल्ल्यावर बसून मनातल्या मनात पेढे वाटत होतो.

पण गंमत अशी झाली की भाऊ दुपारी शेडमध्ये यायला लागला. प्रवचन संपलं की सरळ तिकडेच. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत, हात काळे, तोंडात पान्याचे आकडे. मेकॅनिक एक शिवी घालायचा, मग "माफी असू द्या, भाऊ" म्हणायचा, आणि भाऊ म्हणायचा, "मले नाही, नटाले दे शिवी, निंघत नाही तो." मी वर्षानुवर्षं त्याला असा पाहिला नव्हता. पुण्याहून गाडी आणली तेव्हाचा माणूस त्या शेडमध्ये उभा होता.

तिथं माझं डोकं फिरलं. मला वाटलं, गाडी बिघडलेली राहिली तर भाऊ या दिवाळीपुरता अडेल, पुढच्या वर्षी पुन्हा संघ येईल, पुन्हा तोच प्रश्न. पण गाडी खरंच धड झाली, पहिल्यासारखी सुटली, तर भाऊला तिचा मोह पुन्हा धरेल. मोहानंच माणूस घरात राहतो, दुसऱ्या कशानं राहतो? मी बाजू बदलली. माझं असलं डोकं चालायला लागलं की माझी बायको काळजीत पडते.

"तुमी मोठ्या भाऊची वाट अडवून राह्यले की झाडून राह्यले?" तिनं विचारलं.

"तुले इंजिनातलं काय कळतं?" मी म्हणालो.

"मले मोठे भाऊ कळतात," ती म्हणाली आणि आत गेली.

घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते शोधायला मी कंबर कसली. या इंजिनाला चार प्लग असतात, प्रत्येक डब्याला दोन, एक आधी पेटणारा आणि एक मागाहून. चारही काढले तर काजळीनं भरलेले. मी नवीन मागवले. ते घातल्यावर गाडी दोन दिवस शहाण्यासारखी चालली आणि मग पुन्हा अडखळायला लागली. मग प्रत्येक प्लगला वीज पुरवणारी कॉइल तपासायची ठरवली. इंजिन सुरू ठेवून मेकॅनिक एकेक कॉइलचं कनेक्शन काढायचा. पहिलं काढलं, इंजिन थरथरलं. दुसरं काढलं, थरथरलं. तिसरं काढलं तर काहीच फरक नाही. म्हणजे ती कॉइल आधीच मेलेली होती, आणि बाकीच्याही म्हाताऱ्याच. "सापडला चोर!" मेकॅनिक एवढ्यानं ओरडला की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं.

पुण्याहून कॉइली आल्या त्या भलत्याच गाडीच्या. परत पाठवल्या. बाहेर सोयाबीनचा हंगाम सुरू झाला, मेकॅनिक ट्रॅक्टरांत अडकला, आणि इकडे बरोबरच्या कॉइली येऊन पडल्या तरी बसवायला माणूस नाही. शेवटी त्या भाऊनं आणि मी बसवल्या. चौथी बसवताना माझा हात गरम पाइपाला लागून भाजला. भाऊनं माझा हात धरून नळाखाली नेला आणि लहानपणी फुंकायचा तसा फुंकला. मी पन्नाशीच्या जवळचा माणूस. मला रडू आलं, आणि त्याला वाटलं की फारच भाजलं.

कॉइली बसल्यावर गाडी जागेवर शांत उभी राहायला लागली. मंदिराचा चढ निमूट चढली. हळू चालताना बसणारे हिसके गेले. पण शेडमध्ये उभ्या उभ्या जरा जोरात रेस केली की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांच्या आसपास जायचा आणि इंजिन एकदम गुदमरायचं. पुढे जायचंच नाही. समोर भिंत आल्यासारखं थांबायचं.

हे का होतं ते मला गल्ल्यावर बसून मोबाइलवर सापडलं. परदेशातले असल्या गाड्यांचे मालक एकमेकांना लिहीत होते, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. हे इंजिन हळू चालवायचं नसतं. हळू चालवलं, तापायच्या आत बंद केलं, वरच्या गिअरमध्ये रेटलं, की आत काजळी बसत जाते. हवा आत घेणारी एक जास्तीची झडप त्यात असते, ती फेरे वाढल्याशिवाय उघडतच नाही. वर्षानुवर्षं उघडली नाही तर काजळीनं चिकटून बसते. मग तिला मोकळं करायला इंजिन चांगलं तापवून बराच वेळ वरच्या फेऱ्यांवर पळवावं लागतं. कोणीतरी लिहिलं होतं की या गाड्या मारून मरत नाहीत, जपून मरतात.

मी ते भाऊला वाचून दाखवलं.

"म्हंजे मीच," तो म्हणाला.

"तूच. ससा वाचवाले गेला अन् इंजिन मारून बसला," मी म्हणालो. मला तो असा खचलेला पाहवत नव्हता, तरी जीभ आवरली नाही. "आता पळव तिले."

"चाळीसच्या वर नाही."

"मंग राहू दे तशीच."

तीन दिवस मी तोच विचार करत होतो. आम्ही व्यापारी माणसं, कायद्यात फट शोधणं आमच्या रक्तात आहे. तिसऱ्या दिवशी हिशेब डोक्यात बसला. नियम वेगाचा होता, फेऱ्यांचा नव्हता. पहिल्या गिअरमध्येच ठेवली तर गाडी चाळीसच्या आत राहील आणि इंजिन पाच हजारांच्या वर ओरडेल. त्यासाठी लांबलचक चढ हवा, म्हणजे इंजिनावर भारही राहील. मेडशीच्या पुढे पातूरचा घाट आहेच.

भाऊला हे पटवायला वेळ लागला. ही पळवाट तर नाही ना, असं विचारायला तो महाराजांकडे गेला. परत आला आणि म्हणाला, "महाराज म्हणले, नियम तू घेतला, त्याचा अर्थ तुलेच ठाऊक."

"मंग काय ठरलं?"

"मी वेग सोडला होता, लहान्या. आवाज नाही सोडला."

चातुर्मास संपला, दिवाळी झाली, गावाची सीमा मोकळी झाली. संघ चार-सहा दिवसांत निघणार होता. आम्ही सकाळी निघालो, भाऊ चालवायला, मी शेजारी. आमच्या इकडच्या मालेगावपर्यंत एवढ्या सावकाश गेलो की इंजिन तापायला भरपूर वेळ मिळाला. दोन्ही बाजूंनी तूर फुलावर आली होती. मागून येणारी एसटी आम्हाला ओलांडून गेली तेव्हा कंडक्टरनं खिडकीतून मान काढून पाहिलं. मेडशीला मेकॅनिक गॅरेजच्या दारात उभा होता. आम्हाला जाताना पाहून त्यानं दोन्ही हात वर केले आणि काहीतरी ओरडला.

घाट लागला. भाऊनं पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला.

काटा साडेतीन हजारांवर गेला आणि इंजिन गुदमरलं. गाडी हिसके द्यायला लागली. मागे दोन ट्रक आले, त्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. भाऊच्या कपाळावर घाम. तो पाय काढायला लागला.

"काढू नको!" मी ओरडलो. "दाब! दाबून ठेव!"

त्यानं दाबून ठेवला. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, मागून काळा धूर एवढा निघाला की मागचा ट्रक दिसेना. आता बंद पडते असं मला वाटलं. आणि तेवढ्यात आत कुठेतरी काहीतरी सुटलं. आवाज बदलला. खरखर गेली आणि त्या जागी एक सलग, उंच, स्वच्छ सूर आला. काटा चार हजारांवर गेला, पाचवर, त्याच्याही पुढे. वेगाचा काटा चाळीसच्या जरासा आत. भाऊचा एक डोळा त्यावरच होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये गळा काढून गात होती आणि आम्ही बैलगाडीपेक्षा जरा बऱ्या वेगानं घाट चढत होतो. मागचा ट्रकवाला ओलांडून जाताना आमच्याकडे पाहून कपाळावर हात मारून गेला.

आणि भाऊ हसला. मेकॅनिकच्या समोशाला हसला तसा नाही. मोठ्यानं, तोंड उघडून, पोट धरवत नाही असा हसला. "ऐक, लहान्या, ऐक!" तो ओरडत होता. "काय बोलून राह्यली पाह्य!"

मी ऐकत होतो. मी जिंकलो, असं मला वाटलं. आता हा कुठेही जात नाही, रविवारी अकोल्याला जाईल, चहा पिणार नाही, गुणगुणत अंघोळ करेल. मला इतका आनंद आयुष्यात दोनदाच झाला असेल. त्या आनंदाची आठवण आज मला सगळ्यात जास्त त्रास देते.

वर चढून झाल्यावर भाऊनं गाडी कडेला घेतली. इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं, जरा निवू दिलं, जसं वाचलं होतं तसं. मग माझ्याकडे वळला. चेहरा अजून हसराच होता.

"झाली ना धड?"

"झाली," मी म्हणालो. "पण आताच कुठं सुटली ती. आठ-पंधरा दिवस चालव, मंग समजन. पुन्हा बसली तं?"

"लहान्या," तो म्हणाला, "तुले एक सांगू? बिघडलेली होती तवा मले निंघताच येत नव्हतं. रोज वाटे, जाऊ द्या, तसंही ते डबडंच आहे. बिघडलेलं सोडलं तं तो त्याग नाही होत. ते भंगारात देणं होते. मनातून सुटलेलीच वस्तू सोडून मी महाराजांपुढं काय तोंड दाखवू?" त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवला. "आज सोडवत नाही. आता सोडतो."

प्लग मी आणले होते, कॉइली मी आणल्या होत्या, पहिल्या गिअरची अक्कल माझीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्याची वाट झाडतोय, हे माझी बायको महिनाभरापूर्वीच म्हणाली होती, आणि मी तिला इंजिन शिकवत होतो.

"तू म्हणला होता, हो म्हणीन," भाऊ म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

तो एवढाच शब्द होता. चारचौघांत म्हणायचा तो नंतर म्हटला, पण खरा तिथेच म्हटला, घाटात, इंजिन चालू असताना.

भाऊनं दार उघडलं, खाली उतरला, आणि चपला काढून गाडीत ठेवल्या. रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटला. मला कळलं. वाहनत्यागाचा नियम तो तिथेच घेत होता, आजपासून जन्मभर. मी दार उघडून धावलो. "अरे, वाशीमपर्यंत तं चाल! इथून किती लांब आहे ते! दुपारी ऊन किती तापते!"

"घेतला नियम," तो म्हणाला. "दिवस मावळाच्या आत मेडशीले पोचतो, मेकॅनिककडे थांबतो. उद्या मालेगाव. तू जा."

तो घाट उतरायला लागला. अनवाणी, पांढऱ्या सदऱ्यात, बाहीवर कालचा ऑइलचा डाग. मी गाडीत बसलो, वळवली आणि त्याच्या मागे निघालो. त्याच्याबरोबर चालायचं तर गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं सोडावी लागत होती. पहिला गिअर, पाय ब्रेकवर, काटा अगदी तळाशी. मला त्याला एकट्याला सोडायचं नव्हतं. मागून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. काच खाली करून मी काहीबाही बोलत होतो: पायाला काटे लागतील, पाणी तरी घे, तुझं सामान कोण लावणार, दुकानात कोणाला काय सांगू. तो कशाला हो म्हणत होता, कशाला नाही म्हणत होता, चालत होता. एका वळणावर गाडीनं जरासा हिसका दिला. भाऊ थांबला. त्यानं मान तिरकी करून इंजिन ऐकलं, दुकानात ऐकायचा तसं. मग खिडकीशी आला.

"असं नको चालवू, लहान्या," तो म्हणाला. "असं हळूहळू माह्या मागं फिरवलं तं पुन्हा काजळी धरन. तिले मोकळी सोड. तुले काही नियम नाही."

मी म्हणालो, "भाऊ."

त्यानं गाडीच्या टपावर हात ठेवला, उचलला आणि रस्त्याच्या कडेला सरकून मला वाट दिली. मी दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडी एकही हिसका न देता पुढे निघून गेली.